काळी पाच

लालबागच्या आमच्या चाळीत खिडक्या उघड्या ठेवायच्या की बंद, हा प्रश्न इतर घरांत उकाड्यावरून ठरायचा. आमच्या घरात तो आईच्या गळ्यावरून ठरायचा. खाली गल्लीत मसाल्याचे डंक चालत. उन्हाळ्यात गावोगावच्या बायका मिरच्या, धणे घेऊन रांगा लावत आणि दिवसभर धाड धाड कुटणं चाले. तिखटाची पूड जिन्याने वर चढायची, वाळत टाकलेल्या कपड्यांत शिरायची, दुधातसुद्धा लागायची. शेजारणी खोकत खोकत भांडत, हसत, पोरांना मारत. आई मात्र दाराच्या फटीला ओला पंचा लावून बसायची. गाणं सोडून तिला किती तरी वर्षं झाली होती, तरी गळा जपायची सवय गेली नव्हती. दही नाही, लोणचं नाही, बर्फ तर नावालाही नाही. बांगड्याचं तिखलं ती आम्हाला करून घालायची आणि स्वतः नुसत्या वरणभातावर उठायची. सगळ्यात मोठे हाल सोलकढीपायी. इतकी सुरेख सोलकढी आमच्या सबंध चाळीत कुणाला जमत नसे, आणि ती बोटावर थेंब घेऊन चाखायची, मीठ बघायची, चूळ भरून टाकायची. मी विचारलं की म्हणायची, "आवाज परत येतलो तेवा काय करू?" हे ती चेष्टेत म्हणते की खरंच, ते मला लहानपणी कळत नसे. खरं सांगायचं तर मोठेपणीही कळलं नाही.

माझी आई संगीत नाटकात काम करायची. मालवणकडून लग्न होऊन आलेली मुलगी, गाणं कानाने शिकलेली. देवळातल्या भजनातून कुणीतरी ऐकून तिला एका नाटक कंपनीत नेलं आणि माझ्या बाबांनी, म्युनिसिपालिटीत कारकून असलेल्या भिडस्त माणसाने, आश्चर्य म्हणजे जाऊ दिलं. नुसतं जाऊ दिलं नाही, तर प्रत्येक प्रयोगाला तिची बॅग उचलून हा माणूस मागच्या दाराशी उभा. कंपनीच्या जुन्या पौराणिक नाटकात ती नायिका झाली. दुसऱ्या अंकात नायिकेचं एक पद होतं. त्या पदाने आईचं नाव झालं. लोक तिला प्रभाताई म्हणू लागले. आणि मग मी झाले, आईचा आवाज उतरला, आणि तिने नाटक सोडलं. आमच्या घरातला हा इतिहास एवढाच, आणि तो सगळ्यांना पाठ. पाहुणे आले की कुणीतरी माझ्याकडे बघून म्हणायचंच, हीच का ती. त्यात वाईट हेतू कुणाचा नसे, पण मी परकराचं टोक चावत आत पळायची. बाळंतपणात आवाज कसा उतरतो, तो उतरून कुठे जातो, मला काही उमगत नव्हतं. आईकडून काहीतरी घेऊन मी जन्मले आहे, ते मलाच परत करायचं आहे, एवढंच पक्कं डोक्यात बसलं.

परत कसं करायचं ते कॅसेटमध्ये होतं. मी पोटात असताना आईच्या शेवटच्या काही प्रयोगांपैकी एक बाबांनी टेप केला होता. त्यांच्या ऑफिसातल्या एकाचा भाऊ बोटीवर नोकरीला होता, त्याने परदेशातून रेकॉर्डर आणला होता, तो एका दिवसासाठी उसना मिळाला. बाबा ही गोष्ट फार रंगवून सांगत. रेकॉर्डर हातात आला तेव्हा प्रयोगाची वेळ झालेली, दुकानं बंद, आत सेल नाहीत; मग बाबांनी धावत घरी येऊन टॉर्चमधले सेल काढले, ते त्यात घातले, आणि पहिल्या रांगेच्या टोकाला मांडीवर यंत्र घेऊन श्वास रोखून बसले. "खोकलो सुद्धा नाय मी," असं म्हणून ते दाद मागायचे. कॅसेट सुरू झाली की आधी खुर्च्यांचा आवाज, मग कंपनीची पितळी घंटा. तिच्या काठाचा टवका उडालेला होता, त्यामुळे टण् झाल्यावर मागून पत्र्यासारखी झर्र अशी एक शेपटी यायची. मग पडदा, मग नांदी, आणि पुढे कधीतरी आई. काय आवाज होता तो! कोवळा, उंच, आणि ताना अशा पळायच्या की मोजता मोजता आपलाच श्वास संपावा. आईला पेटी वाजवता येत नसे. कंपनीत पट्टी कुठली ते ऑर्गनवाले मास्तर बघत, ते सूर देत आणि ही गात असे. पुढे घरात पेटी आली तेव्हा बाबांनीच कॅसेटशी लावून शोधून काढलं की प्रभाताईंची पट्टी काळी पाच. बायकांच्या गळ्यालाही ती चढीच. मी वयात आले तशी रोज सकाळी कॅसेट, पेटीची पाचवी काळी पट्टी आणि खालचे डंक, असा माझा रियाज सुरू झाला. आई समोर बसून ऐकायची. मी पोचले नाही की ती रागवायची नाही, नुसती मान हलवायची, आणि त्याने मला जास्त रडू यायचं.

कॉलेज संपता संपता ते जुनं नाटक पुन्हा उभं राहायचं ठरलं. कंपनी आता जुन्या मालकांच्या मुलाकडे, भाऊंकडे होती. जुने मास्तर कधीच वारले होते, नटमंडळी पांगली होती. भाऊंच्या हातात वडिलांचं नाव, कपड्यांच्या पेट्या आणि आमच्या कॅसेटची एक नक्कल एवढंच होतं. प्रभाताईंची मुलगी प्रभाताईंच्या भूमिकेत, अशी जाहिरात त्यांनी आधी केली आणि मला नंतर विचारलं. मी हरखले. दादरच्या एका शाळेच्या हॉलमध्ये तालमी सुरू झाल्या. भाऊ टेबलावर टेपरेकॉर्डर ठेवून बसत. आमचं काम एकच: कॅसेटमध्ये आहे तसं. श्वास तिथे श्वास, हरकत तिथे हरकत. पहिले प्रयोग बरे गेले, वर्तमानपत्रांत चार चांगले शब्द आले, पण दर प्रयोगानंतर माझा गळा असा बसायचा की दोन दिवस मी खुणांनी बोलायचे. प्रेक्षक टाळ्या वाजवत, शेजारी कौतुक करत, आणि मला सारखं वाटत राही की आपण उसनी साडी नेसून लग्नाला आलोय आणि कुणी तरी आता ओळखणार.

त्यातच मला एक नाद लागला. घरी कुणी नसलं की मी ते पद एक पट्टी खाली, काळी चारमध्ये गाऊन बघायची, आणि सावकाश. ताना पळवायच्या नाहीत, शब्दांवर थांबायचं. पदातली ती बाई नवऱ्याची वाट बघत असते. तिला घाई कसली असणार? असं गायलं की गळा दुखत नसे, उलट मोकळा व्हायचा, आणि त्या बाईचं दुःख मला पहिल्यांदा समजल्यासारखं वाटायचं. पण लगेच शंका यायची. हे खरंच माझं गाणं आहे, की वर जमत नाही म्हणून काढलेली पळवाट? आळशी माणसालाही आपला आळस म्हणजे स्वतंत्र विचार वाटू शकतो. कुणाला विचारणार? शेवटी धीर करून मी तालमीत भाऊंनाच विचारलं.

"सावकाश गावंसं वाटतं म्हणजे?" भाऊंनी टेप थांबवली. "हे काय तुझं भावगीत आहे? लोक तिकीट काढतात ते प्रभाताईंच्या पदासाठी. तू कोण गं? तुझा काय संबंध?"

"गाते तर मीच ना, भाऊ."

"तू गात नाहीस. तू आठवण करून देतेस. तेवढं नीट कर."

मी घरी येऊन रडत रडत आईला सांगितलं. वाटलं होतं, निदान ती तरी म्हणेल की गळा सांभाळ बाय. ती तांदूळ निवडत होती, तिने मान वर केली नाही. "भाऊ बरोबर सांगतंत. आवाज ताणलो काय वर जाता. माका जमायचां, तुका कित्याक जमणा नाय?" मी म्हटलं, मी म्हणजे तू नाहीस. तेव्हा ती थांबली आणि अगदी शांतपणे म्हणाली, "तू झालंस नि माझो आवाज उतरलो. तुझो तरी वर चढूक होयो." सगळ्या जगाने बोलून झालेलं हे वाक्य तिने स्वतः मला त्याआधी कधी ऐकवलं नव्हतं. मला तिचा भयंकर राग आला. आणि त्याच क्षणी तिच्या मांडीवर डोकं ठेवावंसंही वाटलं. दोन्हींपैकी काहीच न करता मी गॅलरीत जाऊन उभी राहिले.

पुढचा प्रयोग दादरला होता, दुपारचा. नवे ऑर्गनवाले तरुण होते, माझ्याच वयाचे, आणि भाऊंना घाबरणारे. दुसऱ्या अंकाआधी मी त्यांना म्हटलं, आज काळी चार द्या. ते म्हणाले, "मॅडम, माझी नोकरी जाईल." मी म्हटलं, सांगा की हिने धमकी दिली. त्यांनी दिली काळी चार. मी गायले, माझ्या मनासारखं, सावकाश. पद संपल्यावर टाळ्या झाल्या. पण नेहमीचा वन्स मोअर आला नाही. विंगेत भाऊ लालबुंद होऊन उभे. "रविवारी गिरगावात जसं आहे तसं गायचं. नाहीतर दुसरी मुलगी तयार आहे. आणि आईला घेऊन ये, मला त्यांच्याशीच बोलायचंय." मी मान खाली घालून निघाले तर मागच्या दाराशी एक म्हातारे गृहस्थ काठी टेकत थांबले होते. आईचे जुने प्रयोग पाहिलेले. रडवेले झाले होते. माझे हात धरून म्हणाले, "आज पहिल्यांदा तुझी आई ऐकली गं. इतके दिवस दुसरंच कुणीतरी ऐकत होतो." मी आभारसुद्धा मानायला विसरले. ज्या दिवशी मी आईला झुगारून माझं म्हणून गायले, त्याच दिवशी मी आईसारखी झाले? म्हातारे विसराळू असतात, असं म्हणून मी स्वतःची समजूत घातली. ती काही पटली नाही.

रविवारी आई माझ्याबरोबर गिरगावला आली. जांभळी साडी, अंबाड्यावर गजरा. बऱ्याच वर्षांनी ती रंगपटात पाऊल ठेवत होती. भाऊ आले, पाया पडले, प्रयोगानंतर बोलू म्हणाले. ती माझे केस विंचरत होती. तोंडाने म्हणत होती, हट्ट करू नको, लोक काय म्हणतील, आणि हात मात्र लहानपणी करायचे तसे मायेने फिरत होते. त्या दिवशी थिएटरची विजेची घंटा बिघडली होती. बाहेर थोडी धावाधाव ऐकू आली. मग कुणीतरी कंपनीच्या जुन्या पेटीतून काहीतरी काढलं, आणि पहिली घंटा झाली. टण्, आणि मागून झर्र.

मी दचकले. ती घंटा मी पाळण्यात असल्यापासून ऐकत आले होते. तीच होती, तो टवका माझ्या ओळखीचा होता. पण सूर चुकीचा होता. खाली होता. मला वाटलं, संपलं, आता कानही गेले. आवाजाने मी कमी पडत होतेच, आता सूरही कळेनासा झाला. रंगपटात सराव करायला पेटी ठेवली होती. मी उठून तिच्यावर बोट ठेवलं. घरी कॅसेटमधली ही घंटा पेटीवर कितीदा तरी लावून पाहिली होती, ती पांढरी तीन होती, शंकाच नाही. इथे वाजली ती पांढरी दोन. मी पुन्हा पुन्हा दोन्ही पट्ट्या दाबत राहिले. आरशात दिसलं, आईचा हात कंगव्यासकट हवेत थांबला होता.

दुसरी घंटा झाली. आता आम्ही दोघी कान देऊन ऐकत होतो. पांढरी दोन. पितळेची घंटा काही बाळंतीण होत नाही, तिचा आवाज काही उतरत नाही. मग उतरलं काय आणि चढलं काय? आणि मला एकदम बाबा दिसले, मांडीवर यंत्र घेऊन बसलेले, टॉर्चचे सेल घातलेले. टॉर्चचे सेल, किती रात्री जिन्यात जळून थकलेले. थकलेल्या सेलवर यंत्र हळू फिरतं. हळू फिरून भरलेली टेप पुढे घरच्या विजेवर वाजवली की गाणं पळतं आणि आवाज वर चढतो, बरोबर घंटा चढली तेवढा. काळी पाच कुणाचीच नव्हती. आई काळी चारमध्ये गात होती, सावकाश, शब्दांवर थांबत. माझ्या जन्मानंतर, मला काही कळू लागायच्या आधी, ती त्या कॅसेटसमोर बसून स्वतःला गाठायचा प्रयत्न करत राहिली असणार, आणि गाठता येईना तेव्हा 'माझा आवाज गेला' असं म्हणून उठून गेली असणार.

"आई," मी म्हटलं, "ते सेल…"

तिने माझ्या तोंडावर हात ठेवला. तिला माझ्याआधी कळलं असावं. कान तिचाच होता शेवटी. ती स्टुलावर बसली. गजरा सुटून खांद्यावर आला होता, तो तिने नीट केला नाही. "मगे मी कित्याक सोडलंय गो?" ती म्हणाली. मला विचारत होती की कुणाला, कोण जाणे. माझ्या छातीवरून एक दगड उतरला होता, मी तिचं काहीच घेतलं नव्हतं, मला उड्या माराव्याशा वाटत होत्या. आणि तोच दगड माझ्या डोळ्यांदेखत तिच्या छातीवर चढत होता. अशा वेळी माणसाने कोणता चेहरा करायचा असतो, ते मला आजही माहीत नाही. मग ती पटकन म्हणाली, "ह्यां तुझ्या बाबांका सांगू नको. केवाच नको."

भाऊ दाराशी आले. "प्रभाताई, समजावलंत ना हिला? काळी पाच."

आई उठली. माझ्याशी बोलायची ती भाषा बाजूला ठेवून तिने रंगभूमीवरची भाषा काढली. "ती काळी चारमध्ये गाईल, भाऊ. आणि तिच्या मनाला येईल तसं."

"पण ताई, कॅसेट—"

"कॅसेटमध्ये मी गायले आहे, तुम्ही नाही."

भाऊंनी हात जोडले. खरं कारण त्यांना आम्ही कधी सांगितलं नाही. ते आयुष्यभर हे आईचं मोठेपण समजत राहिले. मग तिसरी घंटा झाली.

मी लढाई जिंकले असं लोक म्हणतात. पुढे मी त्या नाटकातून बाहेर पडले, स्वतःची पदं बसवली, स्वतःची मंडळी जमवली, मुलाखतींतून कलावंताच्या स्वातंत्र्यावर बोललेही. पण पहिली लढाई कोण जिंकलं, याचा हिशेब मला अजून लागत नाही. परवानगी आईच्या शब्दाने मिळाली, आणि ज्याला मी माझा म्हणून जिवापाड जपत होते तो सूर तिचाच निघाला. चाळीच्या जागी आता टॉवर आहे, त्यातल्या उंच मजल्यावर डंकांचा आवाज पोचत नाही. फोनमध्ये ते जुनं ध्वनिमुद्रण आहे आणि फोनमध्ये वेग कमी करायची सोयही आहे. एकदा घंटा पांढरी दोनवर येईपर्यंत मी तो कमी केला आणि आई ऐकली. ती बाई मला ओळखीची वाटली, इतकी की पुढचं ऐकवेना. पुन्हा तसं केलं नाही.

त्या रविवारी आम्ही संध्याकाळी घरी आलो तेव्हा बाबा वाट बघत होते. पाय दुखतात म्हणून ते प्रयोगाला आले नव्हते, आणि नसल्याची भरपाई म्हणून त्यांनी कॅसेट लावली होती. "कसो झालो प्रयोग?" त्यांनी विचारलं. बरा झाला, मी म्हटलं. आई थेट आत गेली. तिने नारळ फोडला, खवला, आमसुलं भिजत घातली. बाहेर कॅसेटवर ते पद आलं, ताना पळाल्या, बाबा डोळे मिटून मांडीवर ताल धरून बसले, आपण त्या दिवशी खोकलोसुद्धा नाही या समाधानात. पद संपलं, त्यांनी टेप बंद केली. आणि आतून आईने तेच पद सुरू केलं. मला कळायला लागल्यापासून तिला गाताना ऐकलं नव्हतं. आवाज थोडा जाड, मधेच धरणारा, पण काळी चारमध्ये, कुठलीही घाई न करता.

बाबांनी डोळे उघडले. त्यांचा चेहरा उजळला आणि मग जरासा कसनुसा झाला. शेवटी ते प्रेमाने, दुखावलं जाऊ नये अशा बेताने, आत हाक मारून म्हणाले, "सूर जरा खाली लागता हा गो तुझो."

आईने दारातून माझ्याकडे पाहिलं. तिच्या हातात सोलकढीचा पेला होता, अर्धा प्यायलेला.

"असांदे ओ," ती म्हणाली. "माका हयच बरां वाटता."